‘आढळले नाही’ म्हणजे काय?

पदवीच्या वर्गांना व्यावहारिक मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ‘अहवाललेखन’ या घटकाचे काय होते ते सांगायला नको. दरवर्षी तेच स्नेहसंमेलन, तेच वृक्षारोपण, तेच दीपप्रज्वलन आणि शेवटी तेच आभारप्रदर्शन. विद्यार्थी हा मजकूर पाठ करतात, आपण त्याला गुण देतो, आणि अहवाल नावाच्या गोष्टीचा कुणाच्या जगण्याशी काही संबंध असतो ही शंकाही वर्गात कुणाला येत नाही. या कंटाळ्यावर उतारा म्हणून एका वर्षी मी मुलांना सांगितले, घरात असलेला एखादा खरा अहवाल आणा आणि तो आपल्या घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला कळेल अशा मराठीत लिहून काढा. बहुतेकांनी रक्ततपासणीचे कागद आणले. काहींनी सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त आणले. एका विद्यार्थिनीने मात्र घरामागच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणला.

तिचे घर भिवंडीच्या कडेला, डंपिंगपासून पायी दहा मिनिटांवर. कुणीतरी कधीतरी येऊन बाटल्या भरून नेल्या होत्या आणि पुढे कुणाच्या तरी ओळखीने हा कागद घरी आला होता. दोन पाने, वीसेक ओळी, सगळे इंग्रजीत. प्रत्येक ओळीत एका रसायनाचे नाव, एक आकडा, एक मर्यादा. सगळ्यात खाली दोनच शब्द होते : ‘नॉट पोटेबल’. तिच्या वडिलांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. पोटेबल म्हणजे पोटाशी संबंधित काहीतरी, तेव्हा पाणी पोटाला जरा बाधते असा निष्कर्ष निघाला. त्यावर घरातला रामबाण उपाय सुरू झाला. आजी पाणी उकळू लागली. नळाला पाणी येत नसे त्या दिवशी हेच उकळलेले पाणी सगळे पीत आणि वहिनीच्या चार महिन्यांच्या बाळाची दुधाची पावडरही त्यातच कालवली जाई. कागद रेशनकार्डाच्या पिशवीत आठ महिने पडून होता.

त्या कागदावर मर्यादेच्या वर गेलेला आकडा नायट्रेटचा होता. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. आणि नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण वाढते. काही महिन्यांच्या, वरच्या दुधावरच्या बाळाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची जी क्षमता असते तिच्यावरच ते घाला घालते. बाळ निळे पडू लागते. सुदैवाने त्या घरातल्या बाळाला काही झाले नाही. पण एका इंग्रजी शब्दाच्या चुकीच्या वाचनातून घरातल्या सर्वांत काळजीवाहू बाईने आपल्या पणतवंडाला नेमके अधिक धोक्याचे पाणी पाजले. अर्थनिर्णयनाच्या प्रश्नावर आपण चर्चासत्रे भरवतो. त्या प्रश्नाचे एवढे थेट उदाहरण माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात मला दुसरे भेटलेले नाही.

मराठीच्या माणसाने भूजलाच्या विषयात तोंड का घालावे, असे वाचकांपैकी कुणाला वाटेल. माझे उत्तर असे की, कचराभूमीच्या आसपासचे पाणी तपासणे हे रसायनशास्त्राचे काम आहे. पण तपासून काय आढळले ते सांगणे हे भाषेचे काम आहे, आणि आपल्याकडे या दुसऱ्या कामाची अवस्था पहिल्याहूनही वाईट आहे. अहवाल लिहिला जातो तो फायलीसाठी. ज्याच्या पोहऱ्यात ते पाणी येते तो त्या अहवालाचा वाचकच मानलेला नाही. हा लेख एवढ्यासाठीच आहे.

प्रथम जागेविषयी. भिवंडी म्हणजे यंत्रमाग, गोदामे आणि न संपणारी वाहतूक, अशी बाहेरच्यांची समजूत असते आणि ती चुकीची नाही. पण त्याखेरीज हे पाण्याच्या शेजारी वसलेले गाव आहे. कामवारी नदी त्याच्या अंगावरून खाडीकडे जाते, वऱ्हाळा तलाव शहरातच आहे, आणि मुंबईला जाणाऱ्या पाण्याच्या प्रचंड वाहिन्या याच तालुक्यातून जातात. शहराचा कचरा वर्षानुवर्षे चाविंद्र्याच्या जागेवर पडत आला. आता ठाण्याच्या कचऱ्यासाठीही याच तालुक्यातल्या आतकोलीची जागा पुढे आली आहे. खाली सगळीकडे बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. हा कातळ वाळूसारखा पाणी गाळत नाही. त्याच्या वरच्या मुरमातून आणि आतल्या भेगांतून, सांध्यांतून पाणी वाट काढते. त्यामुळे एका विहिरीचे पाणी बिघडते आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी विहीर चांगली राहते. कोणती भेग कुठे उघडते ते वरून दिसत नाही.

कचऱ्याच्या ढिगावर कोकणातला पाऊस पडतो तेव्हा तो ढिगातून झिरपताना कुजलेल्या अन्नातले, बॅटऱ्यांतले, रंगांतले, औषधांतले जे जे विरघळेल ते घेऊन खाली उतरतो. इंग्रजीत त्याला लीचेट म्हणतात, लोक त्याला कचऱ्याचे काळे पाणी म्हणतात. या काळ्या पाण्यातले सगळे घटक एका वेगाने जात नाहीत. क्लोराइड कशालाच चिकटत नाही, ते पाण्याबरोबर पुढे पळते. म्हणून ते पहिले निरोप्या ठरते. शिशासारखे धातू मातीला चिकटत, रेंगाळत, वर्षांमागून वर्षांनी पोचतात. म्हणजे आज विहिरीत शिसे नाही याचा अर्थ ते निघालेलेच नाही असा होत नाही. आणि भिवंडीसारख्या खाडीकाठच्या गावात क्लोराइड वाढले तर ते कचऱ्यामुळे की खाऱ्या पाण्यामुळे, हा प्रश्न उरतोच. त्यात सायझिंग आणि डाइंगच्या कारखान्यांचे सांडपाणी आहे, दाट वस्तीतल्या शौचकूपांच्या टाक्या आहेत. माझ्या विद्यार्थिनीच्या विहिरीतले नायट्रेट डंपिंगमधून आले की शेजारच्या टाकीतून, हे त्या एका कागदावरून कुणीही सांगू शकणार नाही. तिनेही तसा दावा आपल्या लेखनात केला नव्हता, याचे मला कौतुक वाटले.

मग सांगायचे कसे? यासाठीच नियम असतात. २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांची तिसरी अनुसूची मी अलीकडे एखादी कविता वाचावी तशी ओळ-ओळ वाचली. त्यात म्हटले होते की भरावभूमी सुरू करण्याआधी त्या परिसरातल्या भूजलाच्या गुणवत्तेची मूळ नोंद करून ती जपून ठेवावी. भरावभूमीच्या कुंपणापासून ५० मीटरच्या आतले भूजल वेळोवेळी तपासावे, आणि ही तपासणी उन्हाळा, पावसाळा व पावसाळ्यानंतरचा काळ अशा तिन्ही ऋतूंत व्हावी. आसपासचे भूजल पिण्यासाठी किंवा शेतीसाठी वापरायचे तर आधी गुणवत्तेची खात्री करावी. भरावभूमीच्या तळाशी १.५ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे आवरण आणि त्याखाली ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर असावा. भरावभूमी बंद झाल्यावरही किमान १५ वर्षे तिच्यावर लक्ष ठेवावे. २०१६ च्या नियमांनी नदीपासून १०० मीटर आणि तलाव, वस्ती, पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर अंतर ठेवण्याचे बंधन घातले.

नियम म्हणून यात फारशी खोट काढता येत नाही. पण आपल्या बहुतेक शहरांतली डंपिंगे नियमांच्या आधीची आहेत. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. अशा ठिकाणी कचरा थेट जमिनीवर पडला. ना आवरण, ना मातीचा थर. आणि मुख्य म्हणजे मूळ नोंद नाही. आधीचे पाणी कसे होते हे लिहून ठेवलेलेच नसेल तर आजचे पाणी बिघडले असे म्हणायला आधार कुठला? गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण हाच काय तो आधार, आणि आठवणीला कचेरीत पुरावा मानत नाहीत. एखाद्या जुन्या काव्याची मूळ संहिताच हाती नसावी आणि प्रक्षिप्त ओळी कोणत्या हे ठरवायला बसावे, तशी ही गत आहे.

आता अशा अहवालांच्या भाषेकडे वळू. विद्यार्थिनीच्या कागदानंतर मी असे काही अहवाल मिळवून वाचले. कोणत्या कचेरीचे, ते महत्त्वाचे नाही. शैली सगळ्यांची एकच आहे. पहिली गोष्ट म्हणजे कर्ता नसतो. ‘नमुने घेण्यात आले’, ‘तपासणी करण्यात आली’, ‘उपाययोजना प्रस्तावित करण्यात येत आहे’. कुणी घेतले, कुणी केली, कोण करणार, याचे उत्तर व्याकरणातूनच हद्दपार केलेले असते. कर्मणी प्रयोगाला एरवी माझा आक्षेप नाही. पण जबाबदारी पुसण्यासाठी इतके सोयीचे साधन दुसरे नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शिसे, कॅडमियम, पारा यांच्या रकान्यात आकडा नसतो. तिथे ‘बीडीएल’ ही तीन अक्षरे असतात. मराठीत याचे भाषांतर ‘आढळले नाही’ असे होते आणि पुढच्या कचेरीत पोचेपर्यंत ‘नाही’ किंवा ‘निरंक’ असे होते. मूळ अक्षरांचा अर्थ मात्र एवढाच की आमच्या यंत्राला जेवढे कमीत कमी दिसते त्यापेक्षा ते कमी होते. २००० च्या नियमांत शिशाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम होती. २०१२ च्या भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी ती ०.०१ वर आणली. आता समजा, प्रयोगशाळेच्या पद्धतीला ०.०५ पेक्षा कमी काही दिसतच नाही. मग तिचे ‘आढळले नाही’ हे वाक्य पूर्ण खरे असूनही पाणी मानकाच्या चौपट शिसे बाळगून असू शकते. ‘नाही’ आणि ‘मला दिसले नाही’ यांतला फरक आपण साहित्याच्या वर्गात निवेदकाची मर्यादा शिकवताना समजावून सांगतो. इथे निवेदक यंत्र आहे एवढेच.

तिसरी गोष्ट सरासरीची. तीन ऋतूंचे तीन आकडे एकत्र करून वर्षाचा एक आकडा दिला की तो बहुधा सौम्य दिसतो. पहिल्या जोरदार पावसाबरोबर ढिगातले साचलेले एकदम खाली उतरले असेल, पुढे श्रावणात पाणी पातळ झाले असेल. सरासरी दोन्ही झाकते. पाणी पिणारा माणूस सरासरी पाणी पीत नाही. तो त्या दिवशीचे पाणी पितो.

आणि हे सगळे सांगून झाल्यावर अहवाल जातो कुठे? २०१६ च्या नियमांनी त्याची वाट नेमून दिली होती : प्रकल्प चालवणाऱ्याने ३० एप्रिलपर्यंत स्थानिक संस्थेला, स्थानिक संस्थेने ३० जूनपर्यंत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि नगरविकास खात्याला, राज्य मंडळाने ३१ जुलैपर्यंत केंद्रीय मंडळाला. तारखा नेमक्या, नमुने ठरलेले. २०२६ च्या जानेवारीत नवे नियम अधिसूचित झाले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख, आणि त्यांत पोर्टलवरच्या नोंदींवर भर आहे. वाट अधिक सुकर होईल, पण दिशा तीच राहील. पाणी खाली जाते, अहवाल वर जातो. दोघांची गाठ पडत नाही, आणि विहिरीचा मालक या साखळीतल्या एकाही कडीला बांधलेला नाही.

हे अपरिहार्य आहे का? अमेरिकेतल्या कौंटीच्या, म्हणजे साधारण जिल्ह्याच्या, भरावभूमीसाठी १९९१ साली तिथल्या केंद्र सरकारने केलेले नियम पाहण्यासारखे आहेत. भूजल ज्या दिशेने वाहते तिच्या वरच्या अंगाला एक विहीर आणि खालच्या अंगाला काही विहिरी खास निरीक्षणासाठी खोदायच्या. वरची विहीर कचऱ्याला शिवण्याआधीचे पाणी दाखवते, खालच्या विहिरी शिवल्यानंतरचे. दोन्हींची तुलना वर्षातून सर्वसाधारणपणे दोनदा करायची. मूळ नोंद नसली तरी वरची विहीर तिची जागा काही अंशी भरून काढते. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम हे की, दूषित पाणी भरावभूमीच्या हद्दीबाहेर गेल्याचे ठरले तर त्या पाण्याच्या वर ज्यांची जमीन आहे किंवा जे राहतात त्यांना कळवायचे. ‘कळवायचे’ हे क्रियापद तिथल्या कायद्यात आहे.

ते तिथे आपोआप आलेले नाही. १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल वस्तीत, जुन्या रासायनिक कचऱ्यावर बांधलेल्या घरांत आणि शाळेत, मुले आजारी पडू लागली. लोइस गिब्स नावाच्या एका आईने दारोदार जाऊन आजारांची माहिती जमवली आणि नकाशावर खुणा केल्या. त्या खुणा बुजलेल्या जुन्या ओहोळांच्या कडेने दाटलेल्या दिसल्या. गृहिणींनी जमवलेली माहिती म्हणून तिची हेटाळणी झाली. पण दोन वर्षांत, १९८० साली, विषारी जागांच्या सफाईचा कायदा झाला. तो कचरा रसायनांचा होता, शहराचा नव्हता, हे खरे; अहवाल कुणी लिहावा आणि कुणासाठी, हा प्रश्न मात्र तोच.

आपल्याकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही उदाहरणे फार लांबची नाहीत. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे तिथल्या डेपोत पडला आणि विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, प्रकरणे न्यायालयांत आणि हरित न्यायाधिकरणात गेली, टँकरने पाणी द्यावे लागले. तिथल्या लोकांना पाणी बिघडल्याचे पहिल्यांदा कळले ते आपल्या जिभेवरून आणि नाकावरून. २०१७ साली ती गावे महापालिकेत गेली, २०२४ साली वेगळ्या नगरपरिषदेच्या रूपाने बाहेर पडली. हद्दी आखणाऱ्यांनी दोनदा रेघ बदलली. जमिनीखालच्या पाण्याला त्याची वार्ता नाही.

याउलट २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली तेव्हा काय झाले आठवून पाहा. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, दिल्लीपर्यंत खळबळ उडाली. धूर स्वतःच अहवाल देतो आणि त्याला भाषांतर लागत नाही. भूजलाला ती सोय नाही. ते निमूटपणे बिघडते, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी बोलावे लागते.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, आकडे उघड केले तर लोक घाबरतील, अफवा पसरतील, जमिनीचे भाव पडतील. हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. ज्याचे एकच घर आहे त्याच्यासाठी भाव पडणे ही लहान गोष्ट नाही. पण न सांगितल्याने भीती जात नाही, ती फक्त दिशाहीन होते. त्या आजीची भीती खरी होती आणि ती उकळण्याच्या दिशेने गेली. दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे : दूषण कचऱ्याचेच आहे हे सिद्ध होत नाही, मग सांगायचे काय? उत्तर साधे आहे. कुणामुळे, हा खटल्याचा प्रश्न आहे. पिऊ का नको, हा रोजच्या सकाळचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याचे उत्तर रोखून धरण्याचा अधिकार कुणालाही नाही.

खरी अडचण, मला वाटते, भाषेच्या सवयीची आहे. लीचेटला परिभाषेत ‘निक्षालन’ धातूवरून साधलेले शब्द आहेत. ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष आहेत आणि म्हणूनच ते कुणी वापरत नाही. ‘कचऱ्याचा झिरप’ म्हटले तर शेतकऱ्याला, कारखान्यातल्या मजुराला आणि नगरसेवकालाही एका दमात कळेल. लोकांना तांत्रिक शब्द पेलत नाहीत असे म्हणावे, तर टीडीएस हा शब्द पाहा. पाण्याची शुद्धीकरण यंत्रे विकणाऱ्यांनी हातातले छोटे मीटर ग्लासात बुडवून दाखवत तो घराघरांत पोचवला. चाळीतल्या बाईलाही आज आपल्या पाण्याचा टीडीएस किती ते सांगता येते. बाजाराला जे जमले ते शासनाला का जमू नये? शिवाय बाजाराने शिकवलेले ज्ञान अर्धेच आहे. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. शिसे किंवा जंतू त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. मीटरवर छान दिसणारे पाणी घातक असू शकते, हे सांगण्यात विक्रेत्याला रस नाही. ज्यांना असायला हवा ते इंग्रजीत सही करून मोकळे होतात.

आणि कायद्याची अडचण तर मुळीच नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम सांगते की सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती आपण होऊन प्रसृत करावी, आणि ती करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत लक्षात घ्यावी. प्रसृत करणे म्हणजे काय याच्या स्पष्टीकरणात सूचनाफलकाचा उल्लेख आहे. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण सर्वांनी त्याचा आनंद केला, मीही केला. पण ज्या भाषेत दोन हजार वर्षांची परंपरा सांगता येते त्या भाषेत ‘हे पाणी बाळाला देऊ नका’ एवढे सांगितले जात नसेल, तर आपला आनंद तपासून पाहिला पाहिजे.

मराठी विचारविश्वाला हा विषय परका आहे असेही नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे सर्वांना ठाऊक असते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी केलेली एक सूचना मात्र आपण वाचून सोडून देतो. सरकारने पाणाड्यांकडून शेतांतल्या झऱ्यांचा शोध घ्यावा आणि त्यांच्या जागा गावच्या नकाशांत नोंदवाव्यात, असे ते सुचवतात. जमिनीखालच्या पाण्याची नोंद करायची आणि ती गावाच्या कागदावर, गावाला दिसेल अशी ठेवायची! आजचा भूजल अहवाल यापेक्षा वेगळे काय असायला हवे?

महाडच्या चवदार तळ्याचेही स्मरण होते. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. म्हणजे ज्या पाण्याला काहीही झालेले नव्हते ते अशुद्ध ठरवले गेले आणि ज्या कृतीने ते खरोखर बिघडू शकले असते तिला शुद्धी म्हटले गेले. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द कोण उच्चारतो यावर त्यांचा अर्थ ठरतो, हा धडा त्या घटनेत आहे. आज डंपिंगच्या शेजारी कोण राहतो, कचरा कोण वेचतो आणि कुणाच्या विहिरीचा अहवाल ‘समाधानकारक’ या एका शब्दात मिटवला जातो, हे पाहिले की तो धडा जुना झाला असे वाटत नाही. पाणी कुणी भरावे यासाठीचा लढा त्या तळ्यावर झाला. भरणाऱ्याला पाण्यात काय आहे ते कळावे, हा त्याच हक्काचा उरलेला भाग आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक डंपिंगच्या फाटकापाशी आणि आसपासच्या प्रत्येक तपासलेल्या विहिरीपाशी एक फलक असावा. त्यावर विहिरीची ओळख, नमुना घेतल्याची तारीख आणि घेणाऱ्या कचेरीचे नाव असावे. काय मर्यादेबाहेर आहे ते नावाने आणि आकड्याने असावे. यंत्राला किती कमी दिसते तेही असावे. आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, प्यायला चालेल की नाही, उकळून चालेल की नाही, आंघोळीला आणि भाजीपाल्याला चालेल की नाही. भिवंडीत हा फलक मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगूतही लागेल, कारण मागावर उभे राहणारे हात या सगळ्या भाषांतले आहेत. तीन ऋतूंत तीनदा तो पुसून पुन्हा लिहावा. आणि आतकोलीसारख्या ठिकाणी, जिथे कचऱ्याचा इतिहास अजून जुना झालेला नाही, तिथल्या विहिरींची आजची नोंद आजच गावाच्या हाती द्यावी, म्हणजे वीस वर्षांनी कुणाला आठवणींवर विसंबावे लागणार नाही.

दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. अहवाललेखनाच्या घटकातले स्नेहसंमेलन एक वर्ष बाजूला ठेवू या. रसायनशास्त्र आणि भूगोल विभागांतल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या एका विहिरीचा अहवाल मराठीत लिहावा. विद्यार्थ्यांना कर्ता कुठे गेला हे शोधायला लावावे, ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक लिहून काढायला लावावे. यात मराठीचे काही उणे होणार नाही.

त्या विद्यार्थिनीने केलेले रूपांतर माझ्याकडे अजून आहे. वीस ओळींच्या जागी तिने चार वाक्ये लिहिली होती. तिसरे वाक्य असे होते : ‘हे पाणी पिऊ नये, उकळूनही पिऊ नये, आणि बाळाच्या दुधात तर मुळीच घालू नये.’ आजीला अक्षरओळख नाही, म्हणून तिने ते मोठ्याने वाचून दाखवले. आजीने विचारले, मग इतके दिवस हे कुणी सांगितले का नाही? या प्रश्नाला मी तरी अजून उत्तर देऊ शकलेलो नाही. अहवालाला मी दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कशासाठी कापला ते आता आठवत नाही; बहुधा ऱ्हस्वदीर्घासाठी असावा, आणि त्याची मला थोडी लाज वाटते.